मागचं पाकीट

ग्रॅमबाईंचं डोकं फुटलं ते साबणाच्या फळीसमोर, भर सकाळी, दुकानात गिऱ्हाइकं असताना. ज्यानं फोडलं त्याचा कान मी चावला. लोकांनी मला मागं ओढलं नसतं तर तो कान घरी घेऊन आले असते. पोलिसानं विचारलं, "मावशी, या वयात हे काय?" मी म्हटलं, "साहेब, मी स्वयंपाकीण आहे. सुरी घरी राहिली होती, म्हणून दात वापरले." त्यानं ते लिहून घेतलं नाही. बरोबर आहे, सरकारी कागदावर असलं शोभत नाही.

पण असं मधूनच सांगितलं तर कुणाला काय कळणार! पहिल्यापासून सांगते.

आमचं घर म्हणजे नवऱ्याचा मार खाऊन पळून आलेल्या बायकांचं घर. बाहेर पाटी नाही, दाराला आतून दोन कड्या, आणि पत्ता कुणाला द्यायचा नाही असा नियम. घर चालवतात त्या मोठ्या ताई, आणि रांधते मी. येणारी प्रत्येक जण काही ना काही मोडून येते. कुणाचा दात, कुणाची बरगडी, कुणाच्या डोक्यावरचे मूठभर केस कातडीसकट गेलेले. काय झालं विचारलं की पहिल्या दिवशी सगळ्यांचं उत्तर एकच: न्हाणीघरात पाय घसरला. मेली इतकी निसरडी न्हाणीघरं बांधतं तरी कोण, असं मी मोठ्यानं म्हणायचे. मग एखादी हसायची, आणि हसताना बरगडी दुखली की रडायची. तिथून पुढं खरं बोलायची.

या बायकांना जखमा भरल्यावर बाहेर एकटीनं राहायचं असतं. आणि बाहेर पडली की पहिला मार बसतो दुकानात. हसू नका. ज्या बाईच्या हातात आयुष्यात कधी पैसा दिला नाही, घरात मीठसुद्धा नवऱ्यानं आणून टाकलं, तिला भरल्या दुकानात सोडून बघा. एक जण पहिला पगार घेऊन गेली आणि चहा, साखर, साबण यांच्यामध्ये उभी राहून ढसाढसा रडली. सगळी पाकिटं मला हाका मारतात म्हणाली. पैसे संपल्यावर ती परत गेली. नवऱ्याकडं. त्यानंतरची तिची बातमी आम्ही पेपरात वाचली, आतल्या पानावर, चार ओळींची.

त्याच महिन्यात मोठ्या ताईंनी गणिताच्या बाई आणल्या. शाळेतून निवृत्त झालेल्या, काटकुळ्या, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला, आणि उजवा हात कोपरात कायमचा वाकडा. आल्या आल्या माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या, साखरेचं पाकीट उचललं, उलटं केलं आणि विचारलं, "हे ग्रॅमला कसं पडलं?"

मी म्हटलं, "बाई, मी किलोनं आणते आणि चमच्यानं घालते. ग्रॅमबिम मला विचारू नका."

तेव्हापासून त्यांचं नाव ग्रॅमबाई. तोंडावरसुद्धा. त्यांना आवडायचं.

त्यांची शिकवण्याची रीत सांगते, कारण पुढचं सगळं त्या रीतीमुळंच घडलं. दर मंगळवारी सकाळी सगळ्या वर्गाला घेऊन त्या दुकानात जायच्या. तेच दुकान, त्याच फळ्या. आणि जाताना माझ्याकडून रिकामी पाकिटं न्यायच्या. मी बिस्किटांची, चहाची, साबणाची पाकिटं धुऊन, वाळवून त्यांच्यासाठी ठेवायचे. आधी मला वाटायचं, बाईंचा एखादा स्क्रू ढिला आहे. मग एकदा मीही सामान उचलायला बरोबर गेले आणि बघितलं.

"हे मागच्या महिन्याचं पाकीट," ग्रॅमबाई म्हणाल्या, आणि बिस्किटाचं रिकामं पाकीट नव्याच्या शेजारी धरलं. "चित्र?"

"तेच," बायका म्हणाल्या.

"रंग?"

"तोच."

"किंमत?"

"तीच."

"आता दोन्हींची पाठ बघा."

पाठीवर बारीक अक्षरात जुन्याचं वजन होतं शंभर ग्रॅम आणि नव्याचं पंच्याऐंशी. बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतकी वर्षं मी ती बिस्किटं आणत होते, आणि या महिन्यात ती कमी पडली तेव्हा मला वाटलं, घरातलंच कुणीतरी चोरून खातंय!

"मागचं पाकीट फेकून दिलं की हे कळत नाही," ग्रॅमबाई म्हणाल्या. "त्यांचा भरवसा तुमच्या विसरण्यावर असतो."

मग साखर घेतली. दोनशे ग्रॅम तीसला, पाचशे ग्रॅम ऐंशीला. सगळ्यांनी मोठ्या पाकिटाकडं हात केला, मीसुद्धा. मोठं म्हणजे स्वस्त, हे काय शिकायला लागतं? ग्रॅमबाईंनी भागाकार करायला लावला. लहान पडलं शंभराला पंधरा, मोठं पडलं सोळा. दुकानदार गल्ल्यावरून कपाळाला आठ्या घालून बघत होता. आमचा वर्ग आला की त्याचं अर्ध्या दिवसाचं तोंड कडू व्हायचं.

हा हात कसा वाकडा झाला ते ग्रॅमबाईंनी मला तांदूळ निवडताना सांगितलं. नवरा शिकलेला, टाय लावून कामाला जाणारा. शेजारीपाजारी त्याची उदाहरणं देत. घरात मात्र त्यानं पट्टा, चप्पल, दाराची फट, जे मिळेल ते वापरलं. एकदा यांची बोटं दारात धरून त्यानं दार लावलं. एकदा जिन्यावरून ढकलून दिलं, तेव्हा कोपर गेलं. दुसऱ्या दिवशी ग्रॅमबाई शाळेत गेल्या, डाव्या हातानं फळ्यावर लिहिलं, आणि मुलांना सांगितलं...

"न्हाणीघरात पाय घसरला," मी म्हटलं.

"हो," त्या म्हणाल्या. "आणि प्रत्येक माराच्या मागं भेट यायची. दात पाडला तेव्हा कानातले. बोटांना अंगठी. कोपराला सोन्याचं घड्याळ. दर वेळी भेट आधीपेक्षा मोठी, आणि मला वाटायचं, बघ, सुधारतोय."

तो एका दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या मेला. त्याला नेल्यावर ग्रॅमबाईंनी सगळ्या भेटी पलंगावर मांडल्या, आणि प्रत्येकीसमोर काय मोडलं होतं ते आठवलं. "आयुष्यभर पोरांना भागाकार शिकवला हो," त्या म्हणाल्या, "आणि स्वतःचा एकदाही केला नाही. माझी मलाच इतकी लाज वाटली." घड्याळ विकून त्यांनी आमच्या घराला शिवणयंत्र घेऊन दिलं. मी त्या दिवशी तांदळातले खडे निवडायला विसरले आणि सगळ्यांच्या दाताखाली आले.

आता धाकटीचं. घरातली सगळ्यात लहान म्हणून धाकटी. भाजी चिरताना माझ्याशेजारी बसायची आणि लांब बाह्या कधी वर करायची नाही. आधी दोनदा आमच्याकडं येऊन ती दोनदा परत गेली होती. तिच्या नवऱ्याचं नाव मी गोड्या ठेवलं होतं, कारण त्याच्यासारखं गोड बोलणारा माणूस मी बघितला नाही. पहिल्यांदा ती पळाली तेव्हा रस्त्यावर गाठून, पाय धरून, रडून घेऊन गेला. दुसऱ्यांदा सोन्याच्या बांगड्या घेऊन रस्त्यातच आडवा आला. त्या बांगड्या भरल्यावर महिन्याभरात त्यानं तिचा हात टेबलावर दाबून त्यावर तापलेली इस्त्री ठेवली. शर्टाची कॉलर नीट झाली नाही म्हणून. तिसऱ्यांदा ती आमच्या दारात आली तेव्हा तिच्या हातावर इस्त्रीचं टोक उमटलेलं होतं, कागदावर काढल्यासारखं स्पष्ट, आणि तिच्याजवळ जळक्या मांसाचा वास येत होता. मी स्वयंपाकीण, मला असले वास नवे नाहीत, पण मी बाहेर जाऊन ओकले.

तीन वेळा गेलेली चौथ्यांदा येत नाही, तिला आणतात, असं मोठ्या ताई म्हणायच्या. सगळ्या घराला एकच धास्ती होती, की धाकटी पुन्हा जाईल. तिलाही होती. "मावशी, तो समोर आला की माझं डोकं चालत नाही," ती मला म्हणायची. "गोड बोलला की मला वाटतं, या वेळी खरं असेल."

मोठ्या ताई ग्रॅमबाईंना सांगून थकल्या, की दुकान बदला, वार बदला, कुणीतरी बघेल. ग्रॅमबाईंचं उत्तर ठरलेलं. "दर वेळी दुकान बदललं तर तुलना कशाशी करायची? तीच फळी पुन्हा बघितली तरच फरक कळतो." शिकवण्याच्या दृष्टीनं बरोबर होतं. पण फळीवर नजर ठेवणाऱ्या बाईंना हे सुचलं नाही, की तोच वार, तीच जागा म्हणजे आपल्यावर नजर ठेवणाऱ्याचीही सोय. चूक त्यांचीच झाली. मला त्यांची कितीही माया असली तरी चूक ती चूक. त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक झालं होतं, मंगळवारी बायकांची शाळा येते. गोड्याला एवढं कळायला कितीसा वेळ लागणार?

तो आला त्या मंगळवारी मीही बरोबर होते. साबणाच्या वड्यांनी भरलेली पिशवी माझ्या हातात. गोड्या पांढराशुभ्र, इस्त्री केलेला शर्ट घालून साबणाच्या फळीपाशी आला, चेहऱ्यावर असं हसू की कुणीही आपली पोरगी द्यावी. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, ते उगाच नाही.

"राणी," तो धाकटीला म्हणाला, "ओरडू नकोस. मी भांडायला नाही आलो. ही बघ." त्यानं खिशातून किल्ली काढली. "नवं घर घेतलंय, तुझ्या नावावर. आईला भावाकडं पाठवलं. दारू सोडली. तू म्हणशील ते. चल."

धाकटी पांढरीफटक पडली. मी पुढं झाले, पण ग्रॅमबाईंनी वाकड्या हातानं मला अडवलं. त्या धाकटीच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि वर्गात बोलतात तशाच बोलल्या.

"घाई नाही करायची. मोठं आहे म्हणून उचलायचं नाही. पाठ बघ."

"ही म्हातारी कोण?" गोड्या अजून हसत होता.

धाकटीनं हातातली साबणाची वडी फळीवर ठेवली. मग बाहीचं बटण काढलं आणि बाही कोपरापर्यंत वर सारली. दुकानातल्या उजेडात इस्त्रीचा तो डाग चकचकीत दिसला. एक गिऱ्हाईक बाई "अगं आई गं" म्हणाली.

"बाई, मी मागचं पाकीट आणलंय," धाकटी म्हणाली. आवाज फाटला होता, पण थांबली नाही. त्याच्याकडं वळली. "बांगड्या आणल्यास तेव्हा हेच बोललास. हाच शर्ट होता. त्या बांगड्या मला हाताच्या कातडीला पडल्या. आता घर मला कशाला पडेल? नको मला. महाग पडतं."

आणि आमच्यातली एक फिस्सकन हसली. मुद्दाम नाही, भीतीनं हसू फुटतं तसं.

त्या हसण्यानं गोड्याचा मुखवटा गळाला. त्यानं धाकटीचे केस धरले आणि तिचं तोंड लोखंडी फळीवर आपटलं. पुन्हा आपटलं. तिच्या नाकाचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला, कोवळी काकडी मोडावी तसा. ग्रॅमबाई दोघांच्या मध्ये घुसल्या आणि "सोड!" म्हणून त्याच्या मनगटाला लोंबकळल्या. त्यानं मागच्या फळीवरची मधाची काचेची बरणी उचलली आणि त्यांच्या डोक्यात घातली. त्या खाली बसल्या. बसलेल्या बाईला त्यानं उरलेल्या बरणीनं आणखी मारलं. मध आणि रक्त एकत्र होऊन त्यांच्या चष्म्यावरून गळायला लागलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यानं आठवतं. साबणाची पिशवी गरगर फिरवून मी त्याच्या तोंडावर हाणली, तेव्हा त्याचे दोन दात फरशीवर पडले. तो माझ्यावर आला, माझा गळा धरला, तेव्हा मी कान धरला, दातांनी. मग आमच्या बायका तुटून पडल्या. ज्या स्वतःच्या नवऱ्यासमोर मान वर करत नव्हत्या, त्या डबे, बाटल्या, हाताला लागेल ते त्याच्या अंगावर घालत होत्या. एकीनं तेलाचा डबा दोन्ही हातांनी उचलून त्याच्या गुडघ्यावर टाकला. तो कोलमडला आणि आई गं, आई गं करायला लागला. बाहेर गाडीत त्याचा भाऊ बसला होता, तो लोखंडी पाना घेऊन धावला. तेव्हा आमच्या आठ्यावाल्या दुकानदारानं झटकन शटर खाली ओढलं, कुलूप घातलं आणि पोलिसांना फोन केला. बाहेरून भाऊ शटरवर पाना आपटत राहिला, आत गोड्या विव्हळत राहिला, आणि धाकटी तुटक्या नाकानं ग्रॅमबाईंचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

ग्रॅमबाई वाचल्या. कवटी उघडून रक्त काढावं लागलं. शुद्धीवर आल्या तेव्हा मला ओळखलं, धाकटीला ओळखलं. डॉक्टरीणबाईंनी दोन बोटं दाखवून विचारलं, "आजी, किती?" ग्रॅमबाईंनी खूप वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "पुष्कळ."

आकडे गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कदाचित परत येतील, कदाचित नाही. मी वरच्या जिन्यात जाऊन भिंतीला लाथा घातल्या. देवा, घ्यायचंच होतं तर दुसरं काही घ्यायचं होतंस, त्या बाईचे आकडे कशाला घेतलेस?

गोड्या कोठडीत गेला, पण भाऊ मोकळा होता. त्याचा निरोप आला, मोठ्या ताईंच्या फोनवर. धाकटीनं तक्रार मागं घ्यावी आणि घरी यावं. नाहीतर म्हातारीचं उरलेलं डोकंही फोडू, दवाखाना आम्हाला माहीत आहे. मोठ्या ताईंनी तो पोलिसांना ऐकवला, दवाखान्याच्या दारात एक शिपाई बसला. पण निरोप धाकटीनंही ऐकला होता. दुसऱ्या दिवशी तिनं कपड्यांची पिशवी बांधली.

मी तिला वाट्टेल तसं बोलले. अक्कल गहाण टाकलीस का, सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात खुपसून घ्यायची, त्या बाईनं डोकं फोडून घेतलं ते याच्यासाठी का? ती खाली मान घालून एवढंच म्हणाली, "मावशी, माझ्यापायी बाईंचा जीव जायला नको. मी गेले की ते दोघं शांत होतील. एकदा त्यांच्या पाया पडते आणि जाते."

मी बरोबर गेले. पिशवी तिनं खाटेखाली ठेवली. ग्रॅमबाई उशीला टेकून बसल्या होत्या, डोक्याला पांढरं फडकं, एक डोळा सुजून बंद. धाकटी पाया पडली आणि रडत रडत सगळं सांगितलं, निरोप, भाऊ, आपलं जाणं. ग्रॅमबाईंना किती समजलं कोण जाणे. त्या खाटेखालच्या पिशवीकडं बघत राहिल्या.

मग त्यांनी धाकटीचा हात ओढून मांडीवर घेतला आणि तिची बाही वर सारली. सावकाश, एका हातानं. इस्त्रीचा डाग उघडा झाला. नंतर स्वतःची बाही सारायला लागल्या. जमेना, तेव्हा मी सारून दिली. तो हात मीही असा जवळून कधी बघितला नव्हता. मनगटापासून वर सिगारेटचे चटके, दारात सापडून वाकडी झालेली बोटं, पट्ट्याच्या बकलाचे जुने वळ, आणि शेवटी ते मोडकं कोपर. ग्रॅमबाईंनी तो हात धाकटीच्या हाताला लावून ठेवला, दुकानात दोन पाकिटं ठेवायच्या तसा.

"बघ," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती, तरी आवाज वर्गातलाच होता. "बोल. कुठला महाग पडला?"

धाकटी बघत राहिली. तिच्या हातावर एक डाग, त्यांच्या हातावर मोकळी जागा नाही.

"तुमचा, बाई," ती म्हणाली.

"मी दर वेळी परत गेले," ग्रॅमबाई म्हणाल्या. "दर वेळी. कुणी वाचलं नाही त्यानं."

धाकटीनं त्यांच्या हातावर डोकं ठेवलं आणि हंबरडा फोडला. वॉर्डातल्या बायका उठून बसल्या. दारातला शिपाई आत डोकावला, त्याला मी हातानंच बाहेर घालवलं. बऱ्याच वेळानं ती उठली, नाकावरची पट्टी नीट केली, आणि त्याच शिपायाला जाऊन म्हणाली, "दादा, त्याच्या भावाविरुद्ध पण तक्रार लिहायची आहे. कुठं लिहितात?"

ती त्याच्याबरोबर खाली गेली. मी खाटेखालची तिची पिशवी काखेत मारून तडक घरी आले, गाठ सोडली, आतले सगळे कपडे बादलीत कोंबले आणि वरून पाणी सोडलं. एकही कोरडा ठेवला नाही.